दिएगो फोर्लान खरोखर थोर आघाडीवीर होता, की एका विश्वचषकाने मोठा केलेला खेळाडू?

आपण विचारले आहे की, मँचेस्टर युनायटेडमध्ये अपयशी ठरलेला आणि कारकिर्दीच्या उतरणीवर मुंबई सिटीकडून खेळून गेलेला फोर्लान खरोखर थोर होता, की २०१० च्या विश्वचषकातील एका महिन्याच्या पुण्याईवर त्याचे नाव चालत राहिले. मँचेस्टरचे अपयश खरे आहे आणि दक्षिण आफ्रिकेतील तो महिनाही खरा आहे. परंतु या दोहोंच्या मधली स्पेनमधील सात वर्षे आपल्या प्रश्नातून गळली आहेत, आणि माझ्या मते त्याचा खरा मोठेपणा त्या सात वर्षांतच आहे.

फुटबॉल त्याच्या घरातच होते. वडील पाब्लो फोर्लान उरुग्वेकडून १९६६ आणि १९७४ चे विश्वचषक खेळले, तर आईचे वडील हुआन कार्लोस कोरात्सो राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. तरीही दिएगोला टेनिसचीही तितकीच ओढ होती. १९९१ मध्ये त्याच्या मोठ्या बहिणीला मोटार अपघातात कायमचे अपंगत्व आले; त्या वेळी तो १२ वर्षांचा होता, आणि घरावर कोसळलेल्या त्या प्रसंगानंतर त्याने फुटबॉललाच वाहून घेतले. मोंतेविदेओतून तो अर्जेंटिनातील इंदिपेंदियेंते संघात गेला आणि तेथील गोलांच्या जोरावर जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टरला पोहोचला.

मँचेस्टरमध्ये त्याला पहिला गोल करायला आठ महिने लागले, आणि तोही मकाबी हैफाविरुद्ध पेनल्टीवर. एकूण ९८ सामन्यांत १७ गोल हा हिशेब कोणत्याही आघाडीवीराला शोभणारा नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या ९८ मधील पुष्कळ सामन्यांत तो अखेरच्या काही मिनिटांपुरता बदली खेळाडू म्हणून उतरला होता, हेही लक्षात घ्यावे लागते. गोलसमोर रूड व्हान निस्टलरॉयची जागा पक्की होती आणि त्याच्या पाठीमागे बहुधा पॉल स्कोल्स खेळत असे. म्हणजे फोर्लानला ज्या जागेवरून खेळायला आवडे, ती जागाच त्या संघात शिल्लक नव्हती. नोव्हेंबर २००२ मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध त्याने विजयी गोल केला, आनंदाच्या भरात सदरा काढला, आणि खेळ पुन्हा सुरू झाला तरी तो काही केल्या अंगात शिरेना; शेवटी तो सदरा हातात धरून उघड्या अंगानेच चेंडूमागे धावत राहिला. पुढच्याच महिन्यात त्याने लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोल केले, आणि तेवढ्यासाठी मँचेस्टरचे चाहते आजही त्याचे नाव प्रेमाने घेतात. हे प्रेम खरे असले, तरी त्यात थोडी कीवही मिसळलेली आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

ऑगस्ट २००४ मध्ये तो विय्यारेआलला गेला. जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या या गावात त्याला पहिल्याच हंगामात २५ लीग गोल मिळाले. ते स्पेनमधील सर्वाधिक होतेच, शिवाय युरोपातील लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा सुवर्णबूटही त्याला थिएरी ऑन्रीबरोबर विभागून मिळाला. पुढच्या वर्षी हा संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. येथे त्याच्या पाठीमागे रिकेल्मेसारखा चेंडू पुरवणारा होता, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर सतत गोलपाशी उभे राहण्याची सक्ती नव्हती.

त्याचा खेळ नीट समजून घ्यायचा, तर त्याचे पाय पाहावे लागतात. उजवा आणि डावा यांत त्याने फारसा भेद ठेवलेला नव्हता. सामान्य आघाडीवीराला चेंडू 'आपल्या' पायावर घेण्यासाठी एक जादा स्पर्श लागतो, आणि तेवढ्यात बचावपटू आडवा येतो. फोर्लानला तो स्पर्श लागत नसे. चेंडू ज्या बाजूला पडेल त्या पायाने, २०-२५ मीटरवरून, पाऊल फारसे न उचलता तो फटका मारत असे. त्यामुळे गोलरक्षकाला अंदाज बांधण्याची सवडच मिळत नसे.

२००७ मध्ये फर्नांडो तोरेस गेल्याने रिकाम्या झालेल्या जागी ॲटलेटिको माद्रिदने त्याला घेतले. २००८-०९ च्या हंगामात त्याने ३३ लीग सामन्यांत ३२ गोल केले. सगळे करंडक जिंकणाऱ्या बार्सिलोनाचा एतो ३० वर थांबला आणि मेस्सी २३ वर. सुवर्णबूट दुसऱ्यांदा त्याच्याकडे आला. यानंतरचे १२ हंगाम स्पेनमधील सर्वाधिक गोलांचा मान मेस्सी, रोनाल्डो आणि एकदा लुईस सुआरेझ यांच्याबाहेर कोणालाच मिळाला नाही, एवढे सांगितले तरी त्या ३२ गोलांचे मोल कळावे. मे २०१० मध्ये हॅम्बुर्गला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्ध ॲटलेटिकोचे दोन्ही गोल त्याचेच होते. दुसरा ११६ व्या मिनिटाला, अग्वेरोने डावीकडून दिलेल्या चेंडूला पुढे झेपावून हलकेच पाय लावून केलेला.

म्हणजे विश्वचषकाला जाताना तो अनोळखी नव्हता, ऐन भरात होता. प्रशिक्षक ताबारेस यांनी त्याला सुआरेझ आणि काव्हानी यांच्या पाठीमागे थोडे खाली खेळवले, आणि लांबून फटका मारण्याची त्याची ताकद तेथे पुरेपूर कामी आली. त्या स्पर्धेसाठी बनवलेला जाबुलानी चेंडू हवेत भरकटतो म्हणून सारे गोलरक्षक कुरकुरत असताना घानाविरुद्ध त्याची फ्री किक त्याच भरकटण्याचा फायदा घेऊन जाळ्यात गेली. नेदरलँड्सविरुद्धचा गोल डाव्या पायाने, दुरून. पाच गोलांपैकी तीन पेनल्टी क्षेत्राबाहेरचे होते. जर्मनीविरुद्ध तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात २-३ अशा पिछाडीवर असताना अगदी शेवटच्या क्षणी त्याची फ्री किक आडव्या दांड्यावर आदळली. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मात्र त्यालाच मिळाला. एका वर्षाने कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने पॅराग्वेविरुद्ध दोन गोल केले आणि आजोबा, वडील व नातू अशा तीन पिढ्यांच्या नावावर ही स्पर्धा लागली.

त्यानंतरची उतरण लवकर आली. इंटर मिलानमध्ये त्याला दोनच लीग गोल करता आले. मग ब्राझील, जपान, पुन्हा मायदेशी पेन्यारोल. ११२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ३६ गोल ही त्याची अखेरची बेरीज. सुआरेझने ती फार मागे टाकली आहे, आणि निव्वळ गोलसंख्येवर तोलायचे, तर उरुग्वेतही फोर्लान पहिला ठरणार नाही.

मुंबईच्या हंगामाला मात्र आपण 'उतरणीवर' असे म्हटले आहे, त्याबद्दल थोडी तक्रार नोंदवतो. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी अंधेरीच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध ३७ वर्षांच्या फोर्लानने हॅटट्रिक केली, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. तो धावत फारसा नव्हता. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना कमरेवर हात ठेवून तो शांतपणे चालत असे, आणि चेंडू जवळ आला की दोन पावलांत बचावपटूपासून सुटा झालेला असे. सामना ५-० असा संपला आणि पुढे मुंबई इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात पहिली आली. उपांत्य फेरीच्या कोलकात्यातील पहिल्या सामन्यात दुसरे पिवळे कार्ड मिळून फोर्लान बाहेर गेला आणि तो सामना आम्ही ३-२ ने हरलो. परतीच्या सामन्याला मी पुन्हा अंधेरीला गेलो. बरोबरीसाठी एकच गोल हवा होता. निलंबनामुळे फोर्लान नव्हता, आणि तो गोल काही झाला नाही.