निवृत्त केलेला जर्सी क्रमांक नव्या खेळाडूला द्यावा का?

खेळाडू मैदानावरच मरण पावला असेल, तर मुळीच देऊ नये. डिसेंबर २००४ मध्ये बंगळूरला फुटबॉलच्या फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध गोव्याच्या धेंपो क्लबचे दोन्ही गोल करणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर मरण पावला, आणि क्लबने त्याचा १० क्रमांक निवृत्त केला. त्याला गोव्यात कोण हरकत घेईल? केवळ थोरवीसाठी क्रमांक गोठवणे मात्र मला पटत नाही. २०१७ मध्ये शार्दूल ठाकूरने सचिनचा १० क्रमांक घातला म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. जणू सचिनचे विक्रमच त्याने पळवले होते! असा क्रमांक, मूळ खेळाडूची संमती घेऊन, क्लबच्या अकादमीतून वर आलेल्या गोमंतकीय मुलाला खुशाल द्यावा.