मायग्रेन कायमचा जातो का? ते महिन्याला घ्यायचं नवीन इंजेक्शन नक्की काय आहे?

कायमचा जात नाही, पण अटॅक बरेच कमी होऊ शकतात. मला स्वतःला १२ वर्षं आहे, फोडणीचा वास आला तरी खोलीत अंधार करून पडायचे दिवस काढलेत.

त्या इंजेक्शनची गोष्ट अशी की १९९० च्या आसपास गोड्सबी आणि एडविन्सन या दोन संशोधकांनी अटॅक चालू असताना पेशंटच्या मानेतल्या शिरेतलं रक्त तपासलं तर त्यात सीजीआरपी नावाचं प्रोटीन वाढलेलं दिसलं, मग तेच अडवायचं असं ठरवून औषधं शोधत शोधत २०१८ मध्ये अमेरिकेत पहिलं इंजेक्शन, एरेनुमॅब, मंजूर झालं. म्हणजे २५ वर्षांच्या वर गेली! २०२१ चं ब्रेन प्राइझ, म्हणजे मेंदूवरच्या संशोधनाचं मोठं बक्षीस, मिळालेल्या चौघांत हे दोघं होते. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही आणि खिशाला जड आहे.

त्याआधीची रोजची गोळी प्रोप्रॅनोलॉल, ती तर हृदयाची. छातीत दुखतं म्हणून दिली आणि पेशंटचं डोकंच दुखायचं थांबलं, असं १९६६ मध्ये योगायोगाने कळलं. स्वस्त आहे, पण दमा असेल तर चालत नाही, डॉक्टरला आधी सांगा.

आणि हो, साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, असं महिनोन्‌महिने घेत राहिलात तर तिच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. मी कालनिर्णयवर लाल टिकल्या करायचे, एका महिन्यात १७ निघाल्या तेव्हा ट्यूब पेटली.