सी प्रोग्रामला कमांड लाइनवरून ऑप्शन द्यायचे आहेत, पण ‘-एन’ शेवटी आला की सेगमेंटेशन फॉल्ट येतो. काय चुकतंय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: प्रोग्रामला ‘-एन 5’ म्हणजे किती ओळी, ‘-ओ अमुक’ म्हणजे निकाल कुठल्या फाइलीत, आणि ‘-व्ही’ म्हणजे जरा जास्त बडबड कर, एवढं सांगायचंय. त्यासाठी तुम्ही आर्गव्हीवर, म्हणजे कमांड लाइनवरच्या शब्दांच्या यादीवर, फॉर लूप लावून प्रत्येक शब्द एसटीआरसीएमपीने (दोन शब्द सारखे आहेत का ते सांगणारं फंक्शन) तपासताय. ‘-एन’ सापडला की आय एकने वाढवून पुढचा शब्द एटूआयला, म्हणजे शब्दाचा आकडा करणाऱ्या फंक्शनला, देताय. सगळं चालतं, फक्त ‘-एन’ शेवटी लिहून आकडा द्यायचा राहिला की प्रोग्राम आपटतो. (मोबाइलवरून मराठी कीबोर्डने लिहितोय, म्हणून अक्षरं देवनागरीत. टर्मिनलवर अर्थात इंग्रजी एन, ओ, व्ही.)

आधी आपटण्याचं कारण. आर्गसी म्हणजे प्रोग्रामचं नाव धरून एकूण शब्द किती. आर्गव्हीच्या शून्याव्या खणात नाव, एकपासून पुढे तुमचे शब्द, आणि आर्गसी क्रमांकाच्या खणात नल पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता, असतो. तो योगायोगाने तिथे नसतो, सीच्या मानकातच तसं लिहिलंय. ‘-एन’ शेवटचा असला की पुढचा खण हा नलचा, आणि नल घेऊन एटूआय गेला की संपलं. वाढवण्याआधी ‘पुढचा शब्द आहे का’ एवढं विचारलंत तर तुमचा आत्ताचा प्रश्न सुटतो.

पण तेवढ्यावर थांबू नका. उद्या कुणीतरी ‘-एन5’ असं जोडून लिहील. परवा कुणी ‘-व्हीएन 5’ लिहील. युनिक्सवर वावरणाऱ्यांच्या हे बोटांत बसलेलं असतं, आणि तुमचा लूप दोन्हीला ‘असा ऑप्शन नाही’ म्हणणार. एकेक इफ वाढवत गेलात की महिन्याभरात तो लूप तुम्हालाच वाचता येणार नाही. माझ्या पहिल्या नोकरीत असा एक लूप होता, दोनशे ओळींचा. त्याला कुणी हात लावत नसे, गावच्या विहिरीतल्या भुतासारखा.

हे काम फार पूर्वी कुणीतरी करून ठेवलंय. गेटऑप्ट हे फंक्शन बेल लॅब्जच्या युनिक्समधून आलं, एटी अँड टीने त्याचा कोड 1985 साली सगळ्यांसाठी खुला केला, आणि आता ते पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामायिक मानकात, आहे. लिनक्स, मॅक, बीएसडी सगळीकडे मिळतं, हेडर युनिस्टडी.एच. व्हिज्युअल स्टुडिओत मिळत नाही, मिनजीडब्ल्यूमध्ये (विंडोजवरचं जीसीसी) मिळतं.

वापरायची ओळ अशी दिसते:

व्हाइल ((सी = गेटऑप्ट(आर्गसी, आर्गव्ही, ":एन:ओ:व्ही")) != -1)

आणि आत स्विच. त्या स्ट्रिंगमध्ये अक्षरामागे कोलन असेल तर त्या ऑप्शनला किंमत लागते, नसेल तर नुसता झेंडा. म्हणजे एनला लागते, ओला लागते, व्हीला नाही. किंमत ऑप्टआर्ग नावाच्या ग्लोबल पॉइंटरमध्ये मिळते. अगदी सुरुवातीचा कोलन वेगळ्या कामाचा. तो असला की गेटऑप्ट स्वतःहून काही छापत नाही. किंमत राहिली असेल तर कोलन परत देतं, ऑप्शनच अनोळखी असेल तर प्रश्नचिन्ह, आणि अक्षर कोणतं ते ऑप्टऑप्टमध्ये. मग ‘-एनला आकडा हवा’ असा संदेश तुम्ही तुमच्या शब्दांत देऊ शकता. तो एसटीडीएररवर (चुकांच्या संदेशांची वेगळी वाट) द्या आणि शून्य नसलेल्या कोडने बाहेर पडा. वापरणाऱ्याने मुद्दाम मदत मागितली तर मात्र एसटीडीआउटवर (नेहमीच्या निकालाची वाट) छापून शून्याने बाहेर पडायचं, म्हणजे त्याला ती लेसमधून, पानापानाने, वाचता येते.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती गोष्ट: वरच्या ओळीतला सी हा व्हेरिएबल इंट (पूर्णांक) हवा. कॅर (एका अक्षराएवढा) नाही. अक्षर परत येतंय म्हटल्यावर हात आपोआप कॅरकडे जातो, माझाही गेला होता. तापमान नोंदवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, लॅपटॉपवर महिनाभर सुरळीत. तोच रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर कंपाइल केला, एकही वॉर्निंग नाही, आणि चालवला तर नुसता गप्प. चूक नाही, नोंद नाही. टॉप (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर पठ्ठ्या एक अख्खा कोअर खाऊन बसलेला. मी अख्खा शनिवार सेन्सरच्या वायरी उपटून पुन्हा लावत होतो.

झालं होतं असं. ऑप्शन संपले की गेटऑप्ट -1 देतं. लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरवर साधा कॅर साइन्ड असतो, म्हणजे ऋण आकडेही धरतो, त्यात -1 हा -1च राहतो, लूप सुटतो. पायवरच्या एआरएम लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड. त्यात -1 घातला की होतो 255, आणि 255 कधीच -1 च्या बरोबर होत नाही. लूप अनंत. माझ्या स्विचला डीफॉल्टही नव्हता, नाहीतर निदान बरोबर कमांडलाही ‘वापर असा करा’ छापून आलं असतं आणि संशय तरी आला असता. तुमच्याकडे पाय नसेल तरी हे बघता येतं: जीसीसीला कॅर अनसाइन्ड धरायला लावणारा एक ऑप्शन आहे, तो देऊन लॅपटॉपवरच कंपाइल करा.

दुसरा फटका जरा मजेशीर. ज्या ऑप्शनला किंमत लागते त्याच्यापुढे जो शब्द असेल तो गेटऑप्ट डोळे मिटून घेतं, हायफनने सुरू होणारा असला तरी. एका अर्थी बरंच आहे, ‘-एन -5’ लिहिलं तर -5 नीट पोचतो. पण माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘-ओ’च्या पुढे एक शेल व्हेरिएबल होतं, अवतरण चिन्हांशिवाय, आणि त्याच्या पुढे ‘-व्ही’. एका रात्री ते व्हेरिएबल रिकामं राहिलं. रिकामं, विनाअवतरण व्हेरिएबल शेल गाळूनच टाकतं, प्रोग्रामपर्यंत पोचलं फक्त ‘-ओ -व्ही’. सकाळी फोल्डरमध्ये ‘-व्ही’ नावाची फाइल तयार. काढायला गेलो तर आरएम (फाइल काढायची कमांड) म्हणतं, काय काढू ते सांगितलंच नाही, कारण त्याला तो स्वतःचा ऑप्शन वाटला. अशा वेळी मध्ये नुसते दोन हायफन लिहायचे: आरएम, दोन हायफन, मग फाइलचं नाव. ‘इथून पुढे ऑप्शन नाहीत’ असा त्याचा अर्थ. गेटऑप्ट वापरलंत की ही सोय तुमच्या प्रोग्रामलाही आपोआप मिळते. तुमच्या हातच्या लूपमध्ये ती आहे का? माझ्यात नव्हती.

लूप संपल्यावर उरलेले शब्द, म्हणजे फाइलींची नावं वगैरे, ऑप्टइंड या क्रमांकापासून आर्गसीच्या आधीपर्यंत असतात. इथे लिनक्स आणि मॅकमध्ये फरक आहे. लिनक्सवरची सी लायब्ररी ग्लिबसी आर्गव्हीतले शब्द हलवून ऑप्शन पुढे आणते, म्हणून फाइलच्या नावानंतर लिहिलेला ‘-व्ही’ही चालतो. मॅकवर गेटऑप्ट पहिल्या बिगर-ऑप्शन शब्दाला थांबतं आणि तुमचा ‘-व्ही’ फाइलचं नाव समजला जातो. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या मॅकवर ‘फाइल सापडली नाही’ आलं तर घाबरू नका. लिनक्सवरही मॅकसारखं वागवायचं असेल तर स्ट्रिंगच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह टाका.

एटूआय मात्र सोडाच. त्याला ‘एबीसी’ दिलं तर शून्य, ‘10’मधल्या शून्याऐवजी चुकून ओ दाबला तर 1, आणि तक्रार कशाचीच नाही. त्याऐवजी एसटीआरटोएल हे फंक्शन वापरा. त्याला शेवटचा पॉइंटर द्या आणि बघा: पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर आकडा नव्हताच, आणि तो स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्य-अक्षरावर नसेल तर आकड्यामागे काहीतरी कचरा होता. आधी एररनो (चुकीचा क्रमांक ठेवणारा ग्लोबल व्हेरिएबल) शून्य करून नंतर त्यात ईरेंज, म्हणजे ‘आकडा मर्यादेबाहेर’, आलंय का तपासलंत की फार मोठे आकडेही पकडले जातात. गेटऑप्ट फक्त शब्द आणून देतं, त्यात काय आहे ते पाहणं तुमचं काम.

‘--व्हर्बोज’सारखे लांब ऑप्शन हवे असतील तर गेटऑप्ट_लाँग आहे, स्ट्रक्ट ऑप्शनचा ॲरे देऊन. शेवटची ओळ सगळी शून्यांची ठेवायला विसरू नका, नाहीतर ॲरेच्या बाहेर वाचत सुटेल. ते अर्धवट नावंही ओळखतं, ‘--व्हर’ लिहिलं तरी व्हर्बोज समजतं. पण पुढे तुम्ही ‘--व्हर्जन’ जोडलंत की तोच ‘--व्हर’ संदिग्ध ठरतो आणि लोकांच्या जुन्या स्क्रिप्ट बंद पडतात. तुमच्या तीन ऑप्शनांसाठी आत्ता याची गरज नाही.

कोड बदलल्यावर या कमांड मारून बघा: नुसता ‘-एन’. ‘-एन5’. ‘-व्हीएन 5’. ‘-एन पाच’. ‘-झेड’. आणि ‘-ओ -व्ही’. शेवटच्या कमांडने फोल्डरमध्ये एक विचित्र फाइल उगवेल, ती कशी काढायची ते वर सांगितलंय.