इम्प्लांटचा दर दवाखान्यागणिक वेगळा का?

तुम्हाला कोल्हापुरात राजारामपुरीत एका दाताचे 22 हजार सांगितले आणि ताराबाई पार्कात 45 हजार. दोन्ही खरे असू शकतात. आधी विचारा, आकड्यात काय काय धरलंय?

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा जोड आणि वरची कॅप. बरेचदा सांगितलेला दर फक्त स्क्रूचा असतो. आमच्या आईच्या दाढेला तसंच झालं. स्क्रू बसला, चार महिन्यांनी कॅपची वेळ आली तेव्हा कळलं की जोड आणि झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, मजबूत सिरॅमिकची) कॅप यांचे पैसे वेगळे. आई खुर्चीतच पदराला गाठ मारत बसली, मला फार वाईट वाटलं. म्हणून सगळा खर्च आधी कागदावर लिहून घ्याच.

दात काढून बरीच वर्षं झाली असतील तर हाड झिजतं. मग हाड भरण्याचा खर्च वाढतो. ते थ्रीडी स्कॅनमध्ये कळतं. स्क्रूच्या कंपनीनेही फरक पडतो. तिचं नाव-नंबर असलेलं स्टिकर मागून फाईलला लावा, पुढे दुरुस्तीला लागतं.

साखर जास्त असेल किंवा तंबाखू चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्याने स्क्रू हाडात न धरण्याचा धोका वाढतो.