वाचकांचे प्रश्न : पुस्तकातला लिम्फोमा, जबड्याखालची गाठ

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पॅथॉलॉजीत लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) शिकवून झाल्यापासून, म्हणजे तीन आठवडे, जबड्याखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. दुखत नाही, आणि पुस्तकातही ‘न दुखणारी’ असंच आहे. दोनदा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) केली, नॉर्मल आली. मेडिसिनच्या सरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हटलं, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करून घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. निरोगी तरुण माणसाच्या जबड्याखाली एक सेंटिमीटरपर्यंतचा, मऊ, बोटाखाली सरकणारा लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) लागणं अगदी नेहमीचं आहे. किडका दात, घशाचा संसर्ग किंवा डोक्यातली पुळी एवढं कारण त्याला पुरतं. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येतं, तसंच हे. गाठ बहुधा आधीपासूनच असेल. तुमची बोटं तिथे लेक्चरनंतर गेली.

‘दुखत नाही’ या शब्दाने तुम्हाला फसवलंय. पुस्तक रोगाकडून लक्षणाकडे जातं. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही हे खरं, पण न दुखणाऱ्या गाठींपैकी लिम्फोमाच्या फार थोड्या. सीबीसीचंही तसंच : सुरुवातीच्या लिम्फोमात ती नॉर्मल असू शकते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्या रिपोर्टने तुमचं समाधान होणारच नव्हतं. आणि चाचण्या वाढवत गेलात तर? नॉर्मलची मर्यादा अशी ठरवतात की ९५ टक्के निरोगी लोक तिच्या आत बसतात, उरलेले पाच टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचीही एखादी तरी बिघडलेली दिसण्याची शक्यता ६४ टक्के.

आता मुख्य काम हात आवरण्याचं. सारखी दाबल्याने ती जागा हुळहुळी होते, मग ‘आता दुखायला लागली’ ही नवी भीती. पहिले दोन दिवस फक्त मोजा, प्रत्येक स्पर्शाला वहीत एक रेघ. नंतर हात उठला की दहा मिनिटं थांबा, पुढच्या आठवड्यात अर्धा तास. रूममेटला सांगून ठेवा, ‘बघ ना रे’ म्हटलं तरी तपासायचं नाही. धीर मिळाला की भीती तासाभरापुरती उतरते आणि विचारायची सवय पक्की होते. लिम्फोमाचं प्रकरण मात्र टाळू नका. रोज ठरलेल्या वेळी वाचा, गळ्याला हात न लावता.

त्याच सरांना चार आठवड्यांनी एकदाच दाखवा. गाठ दोन सेंटिमीटरपुढे गेली, कडक किंवा चिकटलेली वाटली, कॉलरबोनच्या वर लागली, रात्री कपडे भिजवणारा घाम, टिकून राहणारा ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणं असलं, तर मात्र थांबू नका. तेव्हाही लिम्फोमाच्या पक्क्या निदानाला सुईपेक्षा शक्यतो पूर्ण नोड काढून तपासतात.

प्रश्न : धडधडीसाठी सीनियरने प्रोप्रॅनोलॉल (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) घ्यायला सांगितलंय. घेऊ?

उत्तर : स्वतःहून नाही. दमा असेल तर ती धोक्याची आहे. आधी ईसीजी एकदा करून घ्या, रात्रीची कॉफी आणि जागरण कमी करा. भीतीमुळे अभ्यास, झोप बिघडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. या त्रासावर सीबीटीचा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धत) चांगला उपयोग होतो. कॉलेजात कुणाला कळू नये असं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, रात्रीसुद्धा.