इंदूरमध्ये झाडं लावायला आणि पक्ष्यांसाठी श्रमदान करायला सुरुवात कुठून करावी?

सिरपूर तलावापासून करा. तो आणि यशवंत सागर, दोन्ही २०२२ पासून रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत. रोपं लावायला पावसाळ्यात पुष्कळ हात मिळतात. १४ जुलै २०२४ ला इंदूरच्याच रेवती रेंज टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त लागली. माणसं कमी पडतात ती मार्च ते जूनमध्ये, पाणी घालायला. माळव्याची काळी माती तेव्हा भेगाळते आणि कोवळी मुळं उघडी पडतात. म्हणून आळ्यात पालापाचोळा पसरा, खरंच फरक पडतो. करंज, पळस, उंबर, अर्जुन लावा, सुबाभूळ नकोच. आणि काठाची दलदल कृपा करून मोकळी ठेवा, सारस उथळ पाण्यातच घरटं करतो. तिथे झाडं लावण्यापेक्षा जलपर्णी काढा.