सरकार खरंच आपल्या जनतेसाठी काम करतं का?

करतं, पण मागे कोणी हात धुऊन लागलं तर. रेशनचंच घ्या. २००१ साली सरकारी गोदामं धान्याने ओसंडत होती आणि राजस्थानात दुष्काळाने लोक उपाशी. पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना सुप्रीम कोर्टात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोर्टाने शाळेत शिजवलेलं जेवण द्या असा आदेश काढला, तेव्हा कुठे राज्यं हलली. धान्याचा हक्क देणारा कायदा व्हायला मात्र २०१३ उजाडलं. आता बहुतेक पात्र कुटुंबांत माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, तेही फुकट. हे मी कमी लेखणार नाही. त्यावर चूल पेटणारी घरं पाहिली आहेत.

पण आमच्या शेजारच्या आजी बघा. आयुष्यभर चार घरची भांडी घासून बोटांच्या रेषा पुसल्या, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागेना. ओटीपी घ्यावा तर आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. तीन खेपा झाल्या. कागदावर त्या लाभार्थी, घरी पिशवी रिकामी. चौथ्या खेपेला नातवाला घेऊन गेल्या, त्याचं नाव कार्डावर होतं म्हणून धान्य मिळालं. पोराची शाळा बुडाली ती वेगळीच.